गुंडीचा डावा डोळा

१२ नोव्हेंबर

सूनबाई,

वर काय लिहावं यावर दोन कागद फाडून झाले. ‘सूनबाई’ म्हणावं तर ते नातं तू दाराशी चपला काढाव्यात तसं काढून गेलीस, असं तुझा नवरा म्हणतो. नावाने हाक मारावी तर ते माझ्या तोंडात कधी बसलं नाही. म्हणून जुनंच लिहिलंय. नको असेल तर तेवढं खोड आणि पुढचं वाच.

हे पत्र तुला परत बोलवायला लिहीत नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पहिल्या ओळीलाच टरकावणार नाहीस. तुझी बदली झाली, त्याला स्टुडिओ सोडवेना, तुमचं फाटलं. तुम्ही दोघं शहाणीसुरती आहात, मी त्यात पडत नाही. फोन केला असता, पण या घराचा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, आणि वाजत राहिलेला फोन कानाला लावून उभं राहण्याची मला हौस नाही.

गुंडीच्या डाव्या डोळ्यात डाग आलाय.

बाहुलीच्या खाली, जरा उजवीकडे, मोहरीच्या दाण्याएवढा. रंग तपकिरी. तू इथे ठेवून गेलीस तरी मला मांजर आवडत नाही हे तुला ठाऊक आहे. अजूनही आवडत नाही. पण तिला माझ्या टेबलावरचा दिवा आवडतो, त्याला मी काय करणार? मी फोटो साफ करायला बसले की ही दिव्याखाली येऊन पसरते. परवा अशीच पसरली होती, डोळे अर्धे मिटून, आणि मला वाटलं हिच्या डोळ्यात काहीतरी गेलंय. कापूस ओला करून पुसायला गेले तर हाताला पंजा मिळाला, पण डाग जागचा हलला नाही. मग भिंग घेतलं. डाग वर नव्हता, आतल्या पिवळ्या भागात होता.

चाळीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग काढत आलेय मी. आधी निगेटिव्हवर पेन्सिलने, मग प्रिंटवर ब्रशने, आता तुझ्या नवऱ्याने आणून दिलेल्या त्या कॉम्प्युटरच्या पेनाने. तेव्हा डाग मला नाही दिसणार तर कुणाला दिसणार?

तिला टोपलीत कोंबून तुझ्याच त्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पोरगी बरी आहे, हात हलका आहे. अंधार करून उजेडाची बारीक फट डोळ्यावर टाकून तिने पाहिलं. म्हणाली, “काकू, हा साधा तीळही असू शकतो. मांजरांच्या डोळ्यात असे तीळ येतात. पण ही अजून दोन वर्षांचीसुद्धा नाही, आणि एवढ्या लहान वयात आला म्हणून मला जरा शंका येतेय.” शंका कसली, ते तिने सांगितलं. रंगाच्या पेशींची गाठ. तीळ असेल तर आहे तेवढाच राहील. गाठ असेल तर पसरेल, फुगेल, डोळ्यातून शरीरात उतरेल. आज नुसतं बघून सांगता येत नाही. तुकडा काढून तपासायची सोय नाही, कारण बुबुळाला सुई लावायची म्हणजे गाठीला वाट करून द्यायची. लक्ष ठेवायचं, एवढंच.

तिला तुझ्याकडून एक माहिती हवीय. गुंडी लहान असताना तिचे डोळे आले होते का, मार लागला होता का, आणि तेव्हा हा डाग होता का. कार्डावर मालकीण म्हणून तुझं नाव आहे. मी नुसती घेऊन येणारी.

मला उत्तर नको, डॉक्टरीणबाईंना हवंय.

मांजराची सध्याची राखणदार


२८ नोव्हेंबर

सूनबाई,

तुझा निरोप स्टुडिओच्या फोनवर आला. इतका तुटक, की मला वाटलं तारच आली. ‘लहानपणी डोळे आले होते. डाग नव्हता. फोटो पाठवा.’ बाई गं, शब्दामागे कर लागतो का तुमच्या गावात? पण उत्तर दिलंस ते बरं केलंस.

तर फोटो. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय, दर आठवड्याला एक फोटो काढा. उजेड तोच, अंतर तेच, कोन तोच, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून डाग वाढला का ते पाहता येईल. हे ऐकून मला हसू आलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्या माणसाची तारांबळ उडाली असती. आमच्या घरात दुसरा उद्योग काय आहे? मागच्या खोलीत फरशीवर खडूने खुणा केल्यात. एका खुणेवर स्टूल, एकीवर कॅमेरा. गुंडीला टॉवेलात गुंडाळून मी मांडीवर धरते, फक्त डोकं बाहेर. पहिल्या वेळी तिने असा आरडाओरडा केला की बाहेर बसलेलं गिऱ्हाईक विचारायला लागलं, आत काय चाललंय. आता ती माझ्याकडे रागाने बघते आणि त्यातच फोटो निघतो.

बटण तुझा नवरा दाबतो. मी त्याला सांगितलं नव्हतं की एक प्रत तुला जाणार आहे. त्याने विचारलं, “डॉक्टरला एक प्रत पुरे ना? दोन कशाला?” मी म्हटलं, “असू दे.” तो कॅमेऱ्याची बॅटरी काढून बघत बसला. तुझा विषय निघाला की त्याला बॅटरीच आठवते. पण पाकिटात पुठ्ठा सापडेल बघ, फोटो मुडपू नयेत म्हणून. तो मी घातलेला नाही.

सोबत तीन आठवड्यांचे तीन फोटो आहेत. मोठे करून छापलेत. जरा स्वच्छ केलेत, नाहीतर डोळ्यातल्या चमकेने काही दिसत नव्हतं. लेन्सवर धूळ होती, तिचे दोन कण बुबुळावर आले होते, तेही काढून टाकले. डागाला मात्र हात लावलेला नाही. एवढी काही मी वेडी नाही.

तूच बघ, डाग आहे तेवढाच आहे. मला तर तिसऱ्या फोटोत जरा लहानच वाटतोय. डॉक्टरीणबाईंकडे एक संच पाठवला. त्यांनीही निरोप दिला की फोटो उत्तम आहेत, वाढ दिसत नाही, आता पुढच्या महिनाअखेरीच्या आधी एकदा प्रत्यक्ष दाखवून जा.

तेव्हा काळजी करू नकोस. करत असशील तर. मी डोळ्यात तेल घालून बसलेय. तिचं खाणंपिणं ठीक आहे. निगेटिव्ह ठेवायचा खालचा खण तिने बळकावलाय, त्यातले जुने डबे मी वर हलवले. डब्यांना कसर लागत होती म्हणून हलवले, तिच्यासाठी नाही.

तिची शत्रू


२० डिसेंबर

सूनबाई,

हे पत्र मी सकाळपासून मनात चार वेळा लिहिलं आणि प्रत्येक वेळी माझ्या सोयीचं लिहिलं. आता सरळ लिहिते.

काल गुंडीला दाखवायला नेलं. फोटो चांगले म्हणून मी अगदी निवांत होते. डॉक्टरीणबाईंनी अंधार केला, उजेडाची फट टाकली, आणि बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “काकू, हे दोन नवीन ठिपके कधी आले?”

“कुठले दोन?”

त्यांनी पडद्यावर मोठं करून दाखवलं. “हा डागाच्या वर. आणि हा इथे, कडेला.”

त्या जागा मला पाठ होत्या. लेन्सवरची धूळ म्हणून मी पुसली ती तिथेच. पहिल्या आठवड्यात पुसली, दुसऱ्या आठवड्यात पुसली, तिसऱ्या आठवड्यात पुसताना मनात तुझ्या नवऱ्याला शिव्याही दिल्या, की हा लेन्स साफ करत नाही. एकदाही मनात आलं नाही की धूळ दर आठवड्याला त्याच जागी कशी बसेल.

“पण फोटोत तर हे नाहीत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“फोटोत होते. मी काढले.”

त्यांनी हातातला दिवा बंद करून ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, “न पुसलेले फोटो आहेत का?”

आहेत. तुझा नवरा काही फेकत नाही, हा त्याचा दुर्गुण पहिल्यांदा कामी आला. मी तिथूनच फोन केला, त्याने एका झटक्यात सगळे पाठवले. शेजारी शेजारी लावले तेव्हा माझ्यासारख्या अडाणीलाही दिसलं. पहिल्या आठवड्यात टाचणीने टोचावं एवढे दोन ठिपके, मग जरा मोठे, मग आणखी मोठे. मूळ डागाची कडसुद्धा पसरत गेलीय. कडेची ती तपकिरी झाक मला छपाईचा दोष वाटली होती, म्हणून मी तीही आत ढकलून गोल केली होती. डागाला हात लावला नाही असं तुला लिहिलं होतं ना? ते खरं नव्हतं. मला तेव्हा खरं वाटत होतं, एवढंच.

कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हे. चाळीस वर्षं या हाताला एकच शिकवलं, ठिपका दिसला की पूस. त्याला काय कळणार की हा ठिपका ठेवायचा होता.

मी फार वेळ रडले नाही. तुला सांगायला हरकत नाही, थोडी रडले. मग डॉक्टरीणबाईंना म्हटलं, आता काय करायचं ते सांगा.

त्यांचं म्हणणं असं. पसरतंय म्हणजे तीळ नसण्याची शक्यता जास्त. बाहुली पूर्वी उजेडात सरळ उभ्या फटीसारखी मिटायची, आता खालच्या बाजूला किंचित वाकडी होते. डोळ्यात सुन्न करणारा थेंब घालून पेनासारख्या यंत्राने आतला दाब मोजला, तोही चढतोय. अजून डोळा दिसता आहे. पण गाठ डोळ्याच्या कडेच्या, आतलं पाणी बाहेर नेणाऱ्या बारीक नळ्यांपर्यंत पोचली की तिथून रक्तात उतरते, आणि मग डोळा काढूनही उपयोग नसतो. म्हणाल्या, “डोळा वाचवायचा की मांजर वाचवायचं, हा प्रश्न आज आपल्या हातात आहे. तीन महिन्यांनी कदाचित नसेल.”

म्हणजे दिसता डोळा काढायचा. आत काय होतं हे काढल्यानंतर प्रयोगशाळा सांगणार. साधा तीळच निघाला तर डोळा फुकट गेला, असंही होऊ शकतं. हेही त्यांनी लपवलं नाही.

मला विचारशील तर माझ्या जिवावर आलंय. ग्रुप फोटोत कुणाचा डोळा मिटला तर दुसऱ्या फोटोतून उघडा डोळा आणून बसवणारी बाई मी. आणि आता एक चांगला उघडा डोळा कायमचा मिटवा म्हणून सांगू?

पण सांगावं लागेल. मांजर तुझं आहे, म्हणून तुला विचारतेय. पत्र पोचल्या दिवशी उत्तर पाठव. तारेसारखं पाठवलंस तरी चालेल.

आई


२९ डिसेंबर

सूनबाई,

या खेपेला तारेसारखं नव्हतं. भरभरून लिहिलंस.

‘काही करू नका, मी पुढच्या महिन्याच्या शेवटी रजा काढून येते, मग बघू. तुमच्या फोटोंवर विश्वास ठेवून मी निर्धास्त राहिले. दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय तिच्या डोळ्याला कुणी हात लावायचा नाही.’ इथपर्यंत सगळं मी ऐकून घेतलं, कारण सगळं रास्त आहे. पण खाली लिहिलंयस, ‘तुम्हाला ती कधी नकोच होती. डोळा काढून मोकळ्या होऊ नका.’

हे लागलं. लागलं म्हणून मी दिवसभर टेबलावरून मान वर केली नाही. तुझा नवरा दोनदा चहा घेऊन आला आणि दोन्ही वेळा गार झालेला परत घेऊन गेला. मला वाटलं, चुलीत जाऊ दे, कुणाचं मांजर आणि कुणाचा डोळा, येऊ दे तिला रजा घेऊन आणि करू दे काय करायचं ते.

संध्याकाळी गुंडी टेबलावर आली. दिव्याखाली बसली आणि डावा डोळा मिटून घेतला. उजवा उघडा. आजवर असं केलं नव्हतं तिने. दुखत असणार. मांजर रडत नाही गं, नुसतं मिटून घेतं.

तर आता ऐक. दुसऱ्या डॉक्टरला दाखव म्हणालीस, ते बरोबर होतं. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. तुझ्या नवऱ्याने स्टुडिओला कुलूप लावलं, भर कामाच्या दिवशी. तिथले नुसते डोळ्यांचेच डॉक्टर आहेत, वयस्क, तुसडे. मी न पुसलेले फोटो त्यांच्यापुढे ठेवले आणि आधीच सांगून टाकलं की पुसलेलेही आहेत आणि ते मी पुसलेत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग बराच वेळ गुंडीच्या डोळ्यात पाहिलं. म्हणाले, “तुमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय तेच मी सांगतो. आणि मी असतो तर थांबलो नसतो.”

“मालकीण महिन्याभराने येणार आहे,” मी म्हटलं.

“गाठीला कळवा,” ते म्हणाले.

माणूस तुसडा, पण बोलला ते मला पटलं.

येत्या गुरुवारी ऑपरेशन आहे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा झालेलं असेल. मी मुद्दामच आज टाकतेय. आधी पोचलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि मी तरीही केलं असतं. मग ते तुझ्या तोंडावर तुझा शब्द मोडणं झालं असतं.

तू नको म्हटलंस आणि मी करतेय. तुझं मांजर, माझा निर्णय. हे चूक आहे हे मला कळतं. पण आधी या हाताने तिचे आठवडे पुसून टाकले. आणखी एक महिना मी तुझ्या रजेसाठीसुद्धा घालवणार नाही. रागावायचं असेल तर पोटभर रागाव, मी कुठे पळून जात नाही. ती जगली तर तुझा राग झेलायला मी समर्थ आहे.

नकोच होती म्हणालीस ना, तर तेही सांगून टाकते. हवी आहे. मला ती हवी आहे. झालं समाधान?

आई


७ जानेवारी

सूनबाई,

झालं.

सकाळी उपाशी नेली. संमतीच्या कागदावर मालकाशी नातं असा रकाना होता. मी ‘सासू’ लिहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काकू, मांजराची सासू?” मी म्हटलं, “मालकिणीची. पण मांजराला विचाराल तर तीही हेच म्हणेल.” त्या हसल्या, मला हसू आलं नाही. भूल देताना गुंडीचा पंजा माझ्या हातात होता. नख्या आधी रुतलेल्या होत्या, मग एकेक सुटत गेली. मग मला बाहेर काढलं.

बाहेर तुझा नवरा बाकावर बसला होता. मी शेजारी बसले. तो म्हणाला, “आई, तिला कळवलंस?” मी म्हटलं, “कळवलं. पण पोचेल उद्या.” तो म्हणाला, “ती मला कधीच माफ करणार नाही.” मी म्हटलं, “तुझा काय संबंध? सही माझी आहे. तू आपला स्वतंत्र गुन्हा शोध.” तेव्हा तो खूप दिवसांनी हसला.

डोळा काढला. पापण्या शिवून टाकल्यात. तिथले केस भादरलेत, म्हणून अर्धं तोंड सोललेल्या बटाट्यासारखं दिसतं. टाके ओरबाडू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा. घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी ती भोंगा घेऊन भिंतीला धडकत होती. मला ते बघवत नव्हतं आणि दुसरीकडेही बघता येत नव्हतं. मग मी खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लावल्या, फरशी मोकळी केली आणि तिच्याबरोबर खाली बसून राहिले. गुडघ्यांनी मला आयुष्यात एवढ्या शिव्या कधी घातल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी तिने टेबलावर उडी मारली. अंदाज चुकला, कडेला आपटून खाली पडली. मी उचलायला धावले तर फिस्कारली. परत मारली. परत पडली. मग खाली बसून तिने टेबलाकडे डोकं डावी-उजवीकडे, डावी-उजवीकडे हलवून पाहिलं, दुकानदार कापड मोजतो तसं. आणि चढली. दिव्याखाली जाऊन बसली.

चवथ्या दिवसापासून दोन्ही वेळा पोटभर खातेय. पूर्वी दुखत होतं ते गेलं असावं, कारण खोड्या वाढल्यात. डोळा प्रयोगशाळेत गेलाय. निकाल यायचाय.

तुझ्याकडून काही आलं नाही. बरोबर आहे. मी रोज टपाल बघते, पण ती माझी सवय आहे, तुझ्यावर सक्ती नाही.

आई


४ फेब्रुवारी

सूनबाई,

तू येऊन गेलीस त्याला आठवडा होऊन गेला. तू असताना बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते.

तू आलीस तेव्हा स्टुडिओत पासपोर्टच्या फोटोला रांग होती. त्या सगळ्यांसमोर तू मला बोललीस. काय काय बोललीस ते परत लिहीत नाही, दोघींना पाठ आहे. मी ऐकून घेतलं, कारण अर्धं खरं होतं आणि उरलेलं अर्धं बोलायचा तुला हक्क होता. मग तू मागच्या खोलीत गेलीस. तुझ्या आवाजाने खणातून गुंडी बाहेर आली. पूर्वी नुसते डोळे वळवायची, आता अख्खी मान वळवून तुला बघितलं. तू तिथेच फरशीवर बसलीस. तुझी पर्स उपडी झाली, तरी तुला भान नव्हतं. मी दार लोटून घेतलं आणि रांगेतल्या लोकांना सांगितलं, फोटो उद्या.

नंतर तू विचारलंस, “निकाल काय आला?” मी कागद दिला. गाठ होती. रंगाच्या पेशींचीच, वाईट जातीची. पण सगळी डोळ्याच्या आतच होती, कडेच्या नळ्यांपर्यंत पोचायला थोडी जागा उरली होती. तू कागद वाचलास, घडी घातलीस आणि पर्समध्ये ठेवलास. ‘बरं केलंत’ म्हणशील अशी माझी अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू. तू म्हणालीस, “तिला मी नेतेय.”

नेलंस. तुझी होती, नेलीस. ने म्हणून टोपली मीच काढून दिली. टोपली घेऊन तुझा नवरा गाडीपर्यंत आला. तो बऱ्याच उशिरा परतला. तुम्ही काय बोललात ते मी विचारलं नाही, मी त्यात पडत नाही.

आता कामाचं. डाव्या बाजूने तिला कधी एकदम उचलू नकोस, आधी बोल, मग हात लाव. खोलीतलं सामान महिनाभर तरी हलवू नकोस. हलवलंसच तर तिला उचलून एकदा सगळीकडे फिरव. खिडकीला जाळी नसेल तर आजच लाव, तिला उंचीचा अंदाज अजून नीट येत नाही. कान तिचे तिखट झालेत, मिक्सर लावायच्या आधी दार बंद कर. हे सगळं तू करतच असशील. मी सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून सांगतेय.

आणि महत्त्वाचं. गाठ डोळ्यात होती तरी एखादी पेशी निसटली असू शकते, असं दोन्ही डॉक्टरांनी सांगितलंय. दर तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी आणि उजव्या डोळ्याची तपासणी. पहिली जरा लवकर, पुढच्याच महिन्यात आहे. तुझ्या गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता आमच्या डॉक्टरीणबाईंनी काढून दिलाय, सोबत जोडते. वेळ मी घेऊन ठेवलीय, महिन्यातल्या पहिल्या शनिवारी सकाळची. सुट्टी घ्यावी लागणार नाही तुला.

मी येणार आहे. तू बोलावलं नाहीस हे मला माहीत आहे. आदल्या दिवशीच्या गाडीने निघेन, शनिवारी उजाडता तुझ्या दाराशी असेन. दार उघडलंस तर आत येईन, नाही उघडलंस तर पायरीवर बसेन आणि तू टोपली घेऊन निघालीस की मागून चालेन. भांडण राहिलंय ते वाटेत भांडू. मांजर तुझंच आहे, त्यावर माझा दावा नाही. पण तिचा एक डोळा मी काढायला लावलाय. दुसरा कसा आहे हे मी स्वतः बघितल्याशिवाय राहणार नाही. नवीन चष्मा करून घेतलाय.

आई